घर आणि शास्त्र : माईंचा फोटो

गेल्या वैशाखांत आमच्या थोरल्या काकू वारल्या. घरांतील लहानथोर सर्व मंडळी त्यांना माई म्हणत. वय ८६ झालें होतें. अंथरुणाला फार दिवस खिळल्या नाहींत, हिंडत्याफिरत्या गेल्या. त्यामुळें दुःख झालें तरी तें सोसण्याजोगें होतें. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळीं धाकट्या वहिनींनीं असें सुचविलें कीं, माईंचा एक चांगलासा फोटो मोठा करून घ्यावा. उद्यां पाटावर ठेवतां येईल आणि पुढें माजघरांत अण्णांच्या फोटोशेजारीं लावतां येईल. सूचना सर्वांनाच पटली. ओटीवर त्या वेळीं आम्ही १४ माणसें होतों आणि प्रत्येकापाशीं फोन होता. मुलांनीं फोन उघडले, आम्हीं चष्मे लावले, आणि शोधास प्रारंभ झाला.

रात्रीचे साडेदहा वाजले तरी फोटो मिळेना. फोटो नव्हते असें नाहीं, शेंकडों होते. परंतु भिंतीवर लावण्यासारखा एकहि नव्हता. नातवाच्या मुंजींतल्या फोटोंत माई खिडकीला पाठ करून बसलेल्या होत्या आणि चेहऱ्याच्या जागीं केवळ काळी छाया होती. दिवाळींतल्या रात्रीचा फोटो हललेला होता. पणतूनें हौसेनें अगदीं जवळ जाऊन काढलेला एक होता. त्यांत नाक एवढें मोठें आलें होतें कीं, तो पाहून माईंना स्वतःलाच हसूं आलें असतें. एका फोटोंत चेहरा सुरेख होता, पण अंबाड्यांतून भिंतीवरचें कॅलेंडर वर आलें होतें. सर्वांत चांगला होता तो ग्रूपवरून फिरत फिरत आलेला. तो मोठा करूं जातां त्याचे चौकोनी ठिपके झाले, आणि मूळ फोटो ज्या फोनमध्यें होता तो फोन तर दोन वर्षांपूर्वींच टाकून दिला होता. अखेरीस बँकेच्या पासबुकासाठीं काढलेला एक चौकोनी फोटो मोठा करून आणला. त्यांत माई घाबरल्यासारख्या समोर पाहत आहेत. त्या चेहऱ्याच्या माई आमच्यापैकीं कोणी कधीं पाहिल्या नव्हत्या.

शेजारीं अण्णांचा फोटो आहे. तो १९६१ सालीं स्टुडिओंत जाऊन काढलेला. अण्णांच्या उभ्या आयुष्यांत त्यांचे फार तर दहाबारा फोटो निघाले असतील. पण त्यांतला हा एक असा आहे कीं, त्यांना न पाहिलेल्या नातवालाहि ते ओळखीचे वाटावे. ज्यांचे दहा फोटो निघाले त्यांचा एक चांगला निघाला, आणि ज्यांचे शेंकडों निघाले त्यांचा एकहि नाहीं, हें कसें? या प्रश्नानें मला पुष्कळ दिवस सोडलें नाहीं. विचार करतां व थोडा अभ्यास करतां जें हातीं लागलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, दोष यंत्राचा नाहीं. १८३९ सालीं दागेर या फ्रेंच गृहस्थाची कृति जगापुढें आली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. माणसाचें डोकें हलूं नये म्हणून मागें लोखंडी आधार लावीत. तरीहि ही कला आपल्याकडे त्वरित आली. १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्यांतील एक नांवाजलेले छायाचित्रकार होते. पुढें फिल्म आली, आणि १९७५ सालीं अमेरिकेंत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रांत अवघे १०,००० ठिपके असत आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. फोनवरून फोटो पाठविण्याचा आरंभ तर घरगुती आनंदांतूनच झाला. ११ जून १९९७ रोजीं कॅलिफोर्नियांत फिलिप कान या गृहस्थांना मुलगी झाली; त्यांनीं इस्पितळांतच कॅमेरा, संगणक आणि फोन यांची जोडणी करून बाळाचा फोटो आप्तेष्टांस धाडला. आज साध्या फोनच्या चित्रांतहि १ कोटि २० लक्ष ठिपके असतात. तेव्हां उणीव असलीच तर ती आपल्या पाहण्यांत आहे.

फोनच्या कॅमेऱ्याची एक मर्यादा मात्र ध्यानांत घ्यावी. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच असे. फोनमध्यें फिल्मच्या जागीं जी प्रकाशग्राही चकती असते, ती पुष्कळ फोनांत सुमारें ६.४ बाय ४.८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी असते. क्षेत्रफळ काढून पाहिलें तर फिल्मच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढें भरतें. अंगणांत परात ठेवली तर पावसाचें पाणी पुष्कळ सांचतें, वाटी ठेवली तर थोडें. तसेंच हें आहे. फोनपाशीं उजेड गोळा करावयास वाटी आहे. म्हणून उजेड भरपूर असेल तेथें तो उत्तम काम देतो आणि उजेड कमी पडला कीं त्याची तारांबळ उडते. पुढील बहुतेक नियम या एका गोष्टींतून निघतात.

आतां माईंच्या त्या पांच फोटोंकडे वळूं. प्रत्येकाचा दोष निराळा, आणि प्रत्येकावरचा उपाय सोपा आहे.

पहिला, काळ्या चेहऱ्याचा. कॅमेऱ्याला माणूस कोणता आणि खिडकी कोणती याची आपल्याइतकी जाण नसते. तो चौकटींतल्या एकंदर उजेडाची सरासरी काढतो व ती मध्यम यावी असें पाहतो. मागें उजळ खिडकी असली कीं सरासरी वाढते, तो उजेड तोडतो आणि पुढचा चेहरा काळवंडतो. उपाय असा कीं, माणसाची पाठ खिडकीकडे नसावी, तोंड असावें. खिडकीपासून हातदोन हात अंतरावर खुर्ची मांडावी, ती किंचित् तिरपी करावी, म्हणजे उजेड एका बाजूनें येऊन गालाची, हनुवटीची गोलाई उठून दिसते. थेट ऊन अंगावर नको. त्यानें डोळे मिटतात व नाकाखालीं काळ्या रेघा पडतात. उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली, कारण तिच्यांतून आपल्याकडे बहुधा ऊन आंत येत नाहीं, नुसता शांत उजेड येतो. जुन्या काळच्या पुष्कळ स्टुडिओंना उत्तरेकडेच कांचेचें छप्पर किंवा मोठी खिडकी असे, तें याचसाठीं. अण्णांचा फोटो चांगला येण्याचें अर्धें रहस्य मला येथेंच सांपडलें.

खिडकी टाळतां येत नसेल तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागीं बोट टेकवावें. म्हणजे फोन तेथील उजेड प्रमाण धरतो. पुष्कळ फोनांत शेजारीं सूर्याचें लहानसें चिन्ह उमटतें. तें वर सरकविल्यास चित्र उजळतें, खालीं सरकविल्यास गडद होतें. उलट अडचणहि येते : पांढरें शुभ्र पातळ नेसलेली बाई पांढऱ्या भिंतीपुढें बसली तर पांढऱ्याचा करडा होतो, तेव्हां चिन्ह थोडें वर न्यावें. आणखी एक गोष्ट प्रथम ऐकतांना विचित्र वाटेल. दिवसा खिडकीपाशीं फोटो काढतांना घरांतले दिवे बंद करावे. बाहेरचा उजेड निळसर, दिव्याचा पिंवळसर. दोन्ही एकत्र आले कीं एक गाल निळा आणि एक पिंवळा होतो, व कोणता दुरुस्त करावा हें यंत्रालाहि कळत नाहीं.

दुसरा, हललेला. भर उन्हांत प्रकाश सुमारें १ लक्ष लक्स असतो आणि रात्रीं घरांतील दिव्याखालीं १०० ते २०० लक्स. म्हणजे कित्येक शेंकडा पटींचा फरक. पण आपला डोळा इतका जुळवून घेणारा आहे कीं, आपणांस तो जाणवतच नाहीं. कॅमेऱ्याला जाणवतो. उजेड थोडा असला कीं तो अधिक वेळ उघडा राहतो. समजा, रात्रीं तो सेकंदाचा तिसावा भाग उघडा राहिला. तेवढ्यांत धांवत सुटलेलें मूल सुमारें ७ सेंटिमीटर पुढें जातें, आणि फोटोंत मुलाऐवजीं एक फराटा उमटतो. म्हणून मुलांचे फोटो अंगणांत, गच्चींत, सकाळीं किंवा उतरत्या उन्हांत काढावे. रात्रीं काढणें भागच असेल तर दोन्ही कोपरे अंगाशीं घट्ट धरावे, भिंतीला किंवा खांबाला टेकावें, श्वास क्षणभर आंवरावा आणि बटण हलकेच दाबावें. फोनमध्यें रात्रीसाठीं जी निराळी सोय असते, तींत तो एकामागून एक अनेक चित्रें घेऊन तीं एकत्र करतो. तेव्हां फोटो काढणारा व काढून घेणारा दोघांनींहि एकदोन सेकंद निश्चल राहिलें पाहिजे. फोनवरचा विजेचा झोत शक्यतों टाळावा. तो चारदोन हातांपलीकडे पोंचत नाहीं, चेहरा सपाट करतो आणि वृद्धांच्या चष्म्यांत चमकतो. चष्म्यावर खिडकीचें प्रतिबिंब पडत असेल तर हनुवटी किंचित् खालीं घ्यावयास सांगावी. बहुधा तेवढ्यानें काम भागतें.

येथेंच एक अगदीं क्षुल्लक वाटणारी सूचना. फोन दिवसभर हातांत, पिशवींत, स्वयंपाकघरांत वावरतो. त्याच्या भिंगावर बोटांचे तेलकट ठसे असतात. दिव्याभोंवतीं जी धुरकट प्रभा दिसते ती पुष्कळदां या तेलाची असते. फोटोपूर्वीं स्वच्छ मऊ सुती कपड्यानें भिंग पुसावें. एवढें केलें तरी निम्म्या घरांतील फोटो सुधारतील.

तिसरा, मोठ्या नाकाचा. याचें गणित सोपें आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारें १२ सेंटिमीटर अंतर धरूं. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ वर राहतो, म्हणजे कानाच्या मानानें नाक सुमारें १.४ पट मोठें येतें. तोच फोन १५० सेंटिमीटरवर, म्हणजे पांच फुटांवर नेला तर हें प्रमाण १.०८ होतें आणि चेहरा आपण रोज पाहतों तसा दिसतो. म्हणून चेहऱ्याचा फोटो पांचसहा फुटांवरून घ्यावा. मग चेहरा लहान दिसेल. त्यासाठीं फोनवर दुप्पट मोठें दाखविणारा जो आंकडा असतो तो दाबावा, किंवा फोटो काढल्यावर कडा कापाव्या. दोन बोटांनीं पडदा फार ताणूं नये. त्यानें नवें कांहीं दिसत नाहीं. आहे तेंच ओढून मोठें होतें. फोनची उंची माणसाच्या डोळ्यांइतकी असावी. खुर्चींतल्या आजीसाठीं आपणहि बसावें, रांगणाऱ्या बाळासाठीं जमिनीवर मांडी घालावी. उभ्यानें वरून काढलेल्या फोटोंत बाळाचें केवळ टाळू दिसतें.

चौथा, कॅलेंडरचा. डोळा आवडत्या माणसाकडे पाहतो तेव्हां बाकीच्या वस्तु मनानें बाजूस सारतो. भिंग तसें करीत नाहीं. बटण दाबण्यापूर्वीं पडद्याच्या चारी कडांवरून एकदां नजर फिरवावी : डोक्यामागें खुंटी, पंखा, दाराची चौकट आहे काय? असल्यास आपणच दोन पावलें बाजूला सरावें. माणसाला भिंतीपासून थोडें पुढें आणून बसविलें कीं मागची गर्दी आपोआप कमी होते. फोनमध्यें पडद्यावर दोन उभ्या व दोन आडव्या रेघा दाखविण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. तिनें दाराची चौकट आणि जमीन वांकडी येत नाहीं. आणि चेहरा बरोबर मधोमध न घेतां वरच्या रेघेच्या आसपास डोळे आणले तर चित्र अधिक निवांत दिसतें. हा नियम मोडूं नये असा नाहीं, पण तो आधीं पाळून मग मोडावा.

पांचवा, ठिपक्यांचा, आणि हा दोष फोटो काढण्यांतला नसून सांभाळण्यांतला आहे. ६ बाय ४ इंचांचा फोटो कागदावर नीट छापावयास इंचाला ३०० ठिपके धरले तर १८०० बाय १२००, म्हणजे सुमारें साडेएकवीस लक्ष ठिपके लागतात. फोनमधल्या मूळ फोटोंत ते भरपूर असतात. परंतु व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें पाठविलेला फोटो वाटेंतच लहान केला जातो. २०२३ पासून तेथें अधिक बारकाव्यानें पाठविण्याची सोय झाली आहे. अगदीं मूळ प्रत हवी असल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोन बदलण्यापूर्वीं सर्व फोटो दोन निराळ्या ठिकाणीं उतरून ठेवावे. आणि वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सफाईंत म्हणा, घरानें मिळून वर्षाचे २० उत्तम फोटो निवडावे, ते कागदावर छापून घ्यावे, व प्रत्येकाच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें नांव, गांव, तारीख लिहावी. बॉलपेननें लिहूं नये. त्याचा उठाव पुढच्या बाजूस येतो. जुन्या अल्बमांतून आज कितीतरी चेहरे केवळ पाठीमागें नांव नसल्यामुळें अनोळखी झाले आहेत. ते ओळखणारें माणूस घरांत आहे तोंवरच हें काम उरकावें.

हे सर्व नियम मला माईंच्या नंतर कळले, हें उघड आहे. पण माझी आई आहे. ती माईंची धाकटी जाऊ, वय ८१. आषाढांत एके दिवशीं पाऊस उघडला होता. सकाळीं नऊच्या सुमारास ती माजघराच्या उत्तरेकडील खिडकीपाशीं बसून कापसाच्या वाती वळीत होती. मी भिंग पुसलें, दिवा बंद केला आणि समोर जमिनीवर बसलों. तिनें वर पाहिलें.

"आतां माझा कसला फोटो काढतोस रे? तोंडांत दांत नाहींत. थांब, निदान चांगलें लुगडें तरी नेसून येतें."

मी म्हटलें, "तूं वाती वळ. मी नुसता बसतों."

येथें मला अशी एक गोष्ट उमगली कीं ती कोणत्याहि पुस्तकांत आधीं लक्षांत आली नव्हती. पहिले पांचसात फोटो वायां गेले, कारण तिचें लक्ष फोनकडे होतें व चेहरा पासबुकावरच्यासारखा झाला होता. मग मीं माईंचा विषय काढला. दोघी जावा या घरांत आल्या तेव्हां पाणी कोठून आणावें लागे, पहिल्या मंगळागौरीला माईंनीं कोणतें गाणें म्हटलें, सासूबाईंच्या नकळत दोघींनीं चहा कसा केला, हें ती सांगूं लागली. हातांतली वात वळत होती आणि तोंडावर ऐन विशींतल्या चोरट्या चहाचें हसूं होतें. मीं बटण दाबीत राहिलों. ३० फोटो निघाले. त्यांतले २७ त्याच दिवशीं पुसून टाकले, तीन ठेवले, आणि एक मोठा करून आणला.

अण्णांच्या फोटोचें उरलेलें अर्धें रहस्य मला त्या सकाळीं कळलें. स्टुडिओंतल्या माणसाची फिल्म महाग होती. म्हणून तो आधीं माणसाकडे पाही, त्याच्याशीं दोन शब्द बोले आणि मग बटण दाबी. आपल्याला फोटो फुकट पडतो, म्हणून आपण आधीं बटण दाबतों आणि पाहावयाचें राहूनच जातें. माईंच्या शेंकडों फोटोंपैकीं जवळजवळ सर्व कोणत्या ना कोणत्या कार्यांतले होते. त्यांत त्या नातवाच्या शेजारीं होत्या, सुनेच्या मागें होत्या, ताटांच्या पलीकडे होत्या. केवळ माईंचा फोटो काढावा म्हणून अर्धा तास त्यांच्यापुढें आमच्यापैकीं कोणीहि बसलें नव्हतें. मीहि नाहीं. या चुकीला आतां उपाय नाहीं. वाचकांच्या घरीं तो अजून असेल, म्हणूनच हा लेख.

तेव्हां या महिन्यांतला प्रयोग एवढाच. घरांतील सर्वांत वडील माणसाला येत्या रविवारीं सकाळीं खिडकीपाशीं बसवावें, हातांत त्यांचें नेहमींचें काम असूं द्यावें, पांच फुटांवर डोळ्यांच्या उंचीवर आपण बसावें, आणि त्यांना जुनी एखादी गोष्ट विचारावी. त्यांची इच्छा नसेल तर आग्रह करूं नये. दुसऱ्या रविवारीं पुन्हां बसावें. फोटो काढल्यावर प्रथम त्यांनाच दाखवावा, आणि ते नको म्हणतील तो कोणालाहि पाठवूं नये.

मोठा करून आणलेला फोटो मीं आईच्या हातांत दिला. तिनें तो खिडकीशीं नेऊन पुष्कळ वेळ पाहिला व म्हणाली, "अगदीं माझ्या आईसारखी दिसतें कीं रे मी." नंतर तिनें आणखी एक प्रत मागितली, नागपूरच्या मावशीला धाडावयाची होती. आणि प्रत हातीं येतांच पेन्सिल पुढें करून म्हणाली, "मागें तारीख घाल. आणि वाती श्रावणासाठीं वळीत होतें, तेंहि लिही."